कान पिळायची पेटी

माझ्या पोरीला ‘स’ म्हणता येत नाही, असं मी जवळजवळ वर्षभर घरात सांगत होतो आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पोर पाच वर्षांची, पुढच्या वर्षी शाळेत जाणार. तिनं साखर मागितली की मला ‘आखर’ ऐकू यायचं. सशाची गोष्ट सांगायला बसली की गोष्टीतून ससाच गायब. मी बायकोला म्हणायचो, “हिला डॉक्टरला दाखवू.” बायको म्हणायची, “कशाला? चांगलं बोलती की.” आई अंगणातून म्हणायची, “लई गोड बोलती माजी बाय. तूच ल्हानपनी बोबडा हुतास.” मग माझं डोकं फिरायचं. या दोघींच्या लाडापायी पोरीचं वाटोळं होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

राग माझ्या नाकावर असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पोरीला समोर बसवायचो. “म्हण, स.” ती म्हणायची. “नीट म्हण.” ती परत म्हणायची. मला तिचे दात जुळलेले दिसायचे आणि ऐकू यायचा नुसता ‘अ’. “अ न्हाय गं, स! स!” माझा आवाज चढायचा, तिचे डोळे भरायचे, बायको पोळपाट आपटून उठायची आणि वर्ग तिथंच सुटायचा.

पुढं पुढं पोरीनं माझ्याशी बोलणंच कमी केलं. आजीजवळ तिची टकळी चालू असायची. मी दारात आलो की टकळी बंद. काही हवं असलं तर बोट दाखवायची, नाहीतर माझ्या बायकोच्या कानात सांगायची आणि बायको मला सांगायची. मी कामाला निघालो की पूर्वी रस्त्यापर्यंत बडबडत यायची, ती आता उंबऱ्यातून नुसता हात हलवायची. माझ्या घरात माझी पोर मुकी होत चालली होती, तीही फक्त माझ्यापुरती. मी त्याचा अर्थ असा लावला की बोलता येत नाही म्हणून लाजते. म्हणजे आणखी शिकवायला हवं.

आता माझा धंदा सांगतो. मी बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. उमरग्याजवळच्या गावात राहतो, पण सुपारी मिळाली की भूम, परंडा आणि हायवे धरून पार कर्नाटकातसुद्धा आमचा टेम्पो जातो. लग्नाची वरात, हळद, जयंतीची मिरवणूक, कुणाचं पोरगं फौजदार झालं तर त्याचीही मिरवणूक. टेम्पोत मधे पार्टीचे प्रमुख असलेल्या उस्तादांचा बँजो, उजव्या बाजूला मी, मागं ड्रमचं इलेक्ट्रिक पॅड बडवणारा पॅडवाला, त्याच्यामागं धडधडणारा जनरेटर आणि दोन्ही अंगाला माणसाच्या उंचीच्या स्पीकरच्या भिंती. या गदारोळात आपलं आपल्याला ऐकू यायला पाहिजे, म्हणून कीबोर्डवाला नेहमी हॉर्नला, म्हणजे स्पीकरच्या भोंग्याला, कान लावून उभा राहतो. आमच्याकडं सगळे कीबोर्डवाले असेच उभे राहतात, मान थोडी उजवीकडं कलती करून. लग्नाच्या फोटोत आम्ही सगळे कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखे दिसतो.

पार्टीत नवा माणूस आला की त्याचा कान पक्का करायची रीत आहे. पहिल्या वरातीत त्याला सरळ हॉर्नच्या तोंडाशी उभं करायचं. दुसऱ्या दिवशी त्याचे कान ‘सूंऽऽ’ करत राहतात, जेवणावर लक्ष लागत नाही. तो तक्रार करायला आला की उस्ताद आपला तळहात पुढं करतात. “पयल्यांदा कुदळ धरली की फोड येतो का न्हाय? मग घट्टा पडतो. मग दुखतंय का? कानाचं तसंच हाय बाबा. घट्टा पडू दे.” आणि ज्या वरातीनंतर कान वाजायचे थांबतात, त्या दिवशी उस्ताद नारळ फोडतात आणि पार्टीला पेढे वाटतात. माझे पेढे वाटले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मला वाटलं, आता आपण वाजवणारे झालो.

नंतर आमच्या घरात ती पेटी आली. सोलापूरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात ती शिलाई मशीनखाली पडली होती. पट्ट्या थोड्याच आणि वर नॉबच नॉब. सिंथेसायझर, तोही जुन्या पद्धतीचा, ॲनालॉग. आमच्या कीबोर्डात शेकडो टोन तयार असतात. नंबर दाबला की शहनाई, नंबर दाबला की बासरी. या पेटीत तयार असं काहीच नव्हतं. सगळा आवाज आपणच घडवायचा. आईनं ती पाहिली आणि म्हणाली, “ह्ये काय, नुसती कान पिळायची पेटी!” जुन्या रेडिओचे कान पिळत तिचा जन्म गेला होता, त्यामुळं तिच्या दृष्टीनं नाव बरोबरच होतं.

मी त्या पेटीच्या नादी इतका लागलो की बायको तिला सवत म्हणायला लागली. दुपारी लाईट असली की मी आतल्या खोलीत. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि नॉब फिरवायचे. इतकी वर्षं सुरांवर पोट भरून सूर म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं, याचाच पहिला धक्का बसला.

म्हणजे असं बघा. आपण एक सूर दाबतो आणि समजतो की एकच सूर वाजला. तसं नसतं. मूळ सुराबरोबर त्याच्या दुपटीचा, तिपटीचा, चौपटीचा असे वरचे सूर एकदम वाजत असतात. प्रत्येक वरचा साधारण खालच्यापेक्षा हळू वाजणारा. त्यांना हार्मोनिक म्हणतात. उस्ताद कधीकधी बँजोच्या तारेला बरोबर मधोमध बोट नुसतं टेकवून छेडायचे आणि वरचा घंटेसारखा आवाज निघायचा, तो त्यातलाच एक. तार तीच, सूर आत आधीपासून असतोच. वरचे किती आणि कुठले, यावरच सनई सनई वाटते आणि बासरी बासरी.

पेटीत हे सगळं उघडं दिसतं. साईन नावाची लहर घेतली तर नुसता मूळ सूर, वरचं काही नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा गोल, एकटा आवाज. चौकोनी लहर घेतली की एक सोडून एक हार्मोनिक हजर, तिपटीचा, पाचपटीचा, सातपटीचा. आवाज पोकळ होतो. आणि करवतीच्या दातांसारखी लहर घेतली की सगळेच्या सगळे हजर, कलकलाट करत. मग फिल्टर. फिल्टर म्हणजे चाळणी. पिठातला कोंडा वर राहतो तसे वरचे हार्मोनिक वर अडवायचे आणि हवा तेवढाच आवाज खाली सोडायचा. नॉब पूर्ण उघडला की करवत कानात घुसते. हळूहळू बंद केला की तीच करवत मऊ होत जाते आणि शेवटी बाटलीची फुंकर उरते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो.

पोरीसाठी मी एक टोन घडवला होता. करवत घेतली, फिल्टर मला वाटला तेवढा मिटला, गोधडीसारखा मऊ आवाज केला. त्यावर मी अंगाईची चाल वाजवायचो. पोर कानावर हात ठेवून खोलीतून पळून जायची. मला राग यायचा. कीबोर्डवरच्या तयार टोनांनी हिची आवड बिघडवली, असं मी बायकोला ऐकवलं होतं. आमचा मिक्सरवालाही मला अधूनमधून म्हणायचा, “दादा, तुमचा टॉप लई कापतोय.” टॉप म्हणजे आवाजातला वरचा, धारदार भाग. त्याला मी म्हणायचो, तुला ऐकायची अक्कल नाही. म्हणजे बघा, चारी बाजूंनी लोक सांगत होते आणि शहाणा मी एकटा.

मग मला ती कल्पना सुचली आणि ती सुचली तेव्हा मी स्वतःवर भयंकर खूश झालो. पेटीत एक आवाज असा असतो की त्याला सूरच नाही. सगळ्या उंचीचे कंप एकदम, कुणाचा कुणाला मेळ नाही. पूर्वी टीव्हीला मुंग्या आल्या की जो आवाज यायचा, तोच. त्याला नॉईज म्हणतात. या नॉईजला उलटी चाळणी लावायची, म्हणजे खालचं सगळं अडवायचं आणि फक्त वरचं सोडायचं, की तोंडानं काढलेल्या ‘श’सारखा आवाज मिळतो. चाळणी आणखी वर नेली की ‘स’. व्हिडिओत एकानं करून दाखवलं होतं. मी ठरवलं, पोरीला पेटीतून ‘स’ ऐकवायचा. माणसाचं ऐकत नाही, यंत्राचं तरी ऐकेल.

दुपारची वेळ. बायको भाकरी थापत होती, आई अंगणात तूर पाखडत होती. पोरीला पेटीसमोर बसवलं. तिनं आधीच अंग चोरलं होतं. मी म्हणालो, “आज तू काही म्हणू नको, नुसतं ऐक.” नॉईज सुरू केला. खोलीभर खऽऽऽ असा आवाज झाला. चाळणी वर न्यायला लागलो. खरखर गेली, ‘श’सारखं काहीतरी झालं. आणखी वर नेली आणि आवाज बंद पडला.

मला वाटलं, नॉबमध्ये धूळ गेली. परत खाली आणला, ‘श’ आला. वर नेला, गेला. पेटीवर एक चापट मारली. मग आवाजाचा नॉब वाढवला, आणखी वाढवला, शेवटपर्यंत नेला. काही नाही. मी वळून पोरीकडं पाहिलं तर तिनं दोन्ही कान गच्च दाबले होते आणि डोळे मिटले होते.

तेवढ्यात बायको पिठाच्या हातांनी धावत आली. “अहो, बंद करा ते! दाताला कळ आली.”

अंगणातून आई ओरडली, “आरं, कुकर फुटला का काय घरात?”

मी म्हणालो, “कुठं काय वाजतंय?”

बायको आधी हसली. तिला वाटलं, मी चिडवतोय. मग तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं. तिनं स्वतः वाकून पेटीचं बटण बंद केलं, तेव्हा पोरीनं कानावरचे हात काढले. मला मात्र बटण बंद होण्याआधी आणि नंतर काहीच फरक कळला नाही. 

तरी मी मानायला तयार नव्हतो. तिघींनी मिळून माझी चेष्टा चालवलीय, असंच मी धरून चाललो. आईला आत बोलावलं. तिघींना ओळीनं खाटेवर बसवलं. साईन लहर घेतली, एकटी, स्वच्छ, आणि सांगितलं, “ऐकू येतं तोपर्यंत हात वर.” चौघांचे हात वर गेले, माझाही. मी सूर चढवत गेलो. चढवता चढवता एका जागी माझा सूर बारीक झाला आणि विझला. नॉब अजून निम्म्यावरच होता. समोर तीन हात वर होते. मी आणखी फिरवला. तीन हात वरच. बऱ्याच पुढं गेल्यावर आईनं हात खाली घेतला आणि म्हणाली, “ग्येला बग आता.” बायको आणि पोर तर शेवटपर्यंत हात वर करून बसल्या होत्या. पोर ओठ मुडपून हसू दाबत होती, कारण तिला तो खेळ वाटला होता.

आई सत्तरीला आली आहे. तिचे दात गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिचा हात माझ्या कितीतरी नंतर खाली आला. मी चाळिशीतला, सुरांवर जगणारा माणूस.

मी त्यांना पाठ करून बसायला लावलं. आता चेष्टा करता येणार नाही, कारण माझा हात त्यांना दिसणार नाही. सूर आईलाही ऐकू येत होता तिथवर खाली आणला, तरी मला तो ऐकू येत नव्हताच. गुपचूप स्पीकरची वायर उपसली. “गेला,” तिघी एकदम म्हणाल्या. वायर लावली. “आला.” मी परत उपसली. “गेला.” मी ते किती वेळा केलं, मला आठवत नाही. दरवेळी त्या बरोबर सांगत होत्या आणि मला त्या खोलीत भाकरी करपल्याच्या वासाखेरीज काही जाणवत नव्हतं. शेवटी आई मागं वळली, माझ्या हातातली वायर तिनं पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायची तसा.

उमरग्यातल्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. घरी पेटीवर झालं तेच तिथं झालं. मग त्यांनी समजावलं. कानात आत शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात अगदी बारीक केस असतात. उंच सुरांचे केस दाराशी, खालच्या सुरांचे आत. मोठ्या आवाजाचा मार आधी दाराशी बसलेल्यांना बसतो.

मी त्यांना घट्ट्याचं सांगितलं. कान वाजायचे थांबले की पेढे वाटतात, हेही सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

“पेढे वाटतात?”

“हो.”

“घट्टा नाही हो पडत,” त्या हळू म्हणाल्या. “मेलेत ते. परत उगवत नाहीत.”

 काहीतरी बोलायचं म्हणून पोरीच्या ‘स’चं सांगितलं, तिला कधी आणू विचारलं. त्यांनी मलाच विचारलं, तुमच्या बायकोचा ‘स’ तुम्हाला ऐकू येतो का? मी म्हणालो, येतो की. त्या म्हणाल्या, “नाही येत. ‘स’चा बहुतेक आवाज तुमचं ऐकणं जिथं संपतं त्याच्या वर आहे. मोठ्या माणसांच्या बोलण्याची तुम्हाला सवय आहे, गाळलेलं तुम्ही मनानं भरून घेता. लहान पोरीचं नवं बोलणं, बारीक आवाज. ते कशानं भरणार?”

 म्हणजे आखर म्हणणारी पोर नव्हतीच. ते मीच ऐकत होतो. दवाखान्यातून स्टँडपर्यंत चालत आलो. रस्त्यात दिसेल त्या माणसाच्या तोंडाकडं मी बघत होतो, हा खरंच काय बोलतोय आणि मी काय धरतोय. एस.टी.त कंडक्टर काहीतरी म्हणाला. मी त्याला तीनदा ‘काय?’ विचारलं आणि शेवटी तो भडकला.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन उस्तादांकडं गेलो. हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आमची तालीम असते, समोर रस्त्यापलीकडं एका मावशीचं चहाचं हॉटेल. उस्ताद, पॅडवाला आणि पार्टीत उस्तादांच्या खालोखाल जुना असलेला ढोलवाला, एवढेच होते. मी काही सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, नवीन पेटी आणलीय, सूर ऐकू येतो तोवर हात वर ठेवा. पेटी पार्टीच्या स्पीकरला जोडली.

सूर चढत गेला. माझा विझला. मग मी त्यांच्या हातांकडं पाहिलं. ढोलवाल्याचा हात खाली आला. पॅडवाल्याचा आला. उस्तादांनी तार लावताना मिटतात तसे डोळे मिटले होते. त्यांचा हात सगळ्यांच्या आधी खाली आला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी नॉब फिरवतच राहिलो. शेड गप्प होती. चौघं माणसं, आयुष्यभर वाजवत आलेली, शांत बसलेली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून मावशी दोन्ही हात वर करून ओरडली, “आरं ए! ती शिट्टी बंद करा! गिऱ्हाईक उठून चाललंय माजं!”

उस्तादांनी डोळे उघडले. “काय म्हणती ती?”

“शिट्टी बंद करा म्हणती.”

“कंची शिट्टी?”

मी पेटी बंद केली. समोर हॉटेलात माणसं परत बाकड्यावर बसली. उस्तादांनी ते पाहिलं. त्यांनी पेटीकडं पाहिलं, मग स्पीकरकडं, मग माझ्याकडं. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. उस्तादांच्या तोंडावर त्यांचं चुकलं असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. ते चिडले नाहीत, याचाच मला जास्त धक्का बसला. त्यांनी स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली.

“मग म्या तार कशावर लावत हुतो रं?” ते म्हणाले.

 मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, “ह्ये भाईर बोलू नगंस. बहिऱ्यांच्या पार्टीला सुपारी कोन देईल?” आम्ही माना हलवल्या. पण पुढच्या वरातीला टेम्पो भरताना त्यांनी माझ्या बाजूचा हॉर्न स्वतःच्या हातानं रस्त्याकडं वळवला, आणि औषधाच्या दुकानातून कानात घालायची बुचं आणून प्रत्येकाच्या हातावर ठेवली. पेढे ठेवायचे तशीच. त्यानंतर नारळ काही फुटला नाही. मी अजून वाजवतो. टॉपचं मिक्सरवाला बघतो, मी त्यात बोलत नाही.

राहिली पोर. तिला काय सांगायचं? पाच वर्षांच्या पोरीला केस आणि शंख कसे समजावणार? बायको म्हणाली, “आता तिला ‘स’ म्हणायला लावू नका म्हणजे झालं.” मी लावलं नाही. पण पोर माझ्यापुढं मुकीच राहिली. तिनं ठरवलंच होतं की या माणसापुढं तोंड उघडलं की रागावतो. मी हाक मारली की नुसती येऊन उभी राहायची. माझा जीव तुटायचा. तिचा ‘स’ मला कधीच ऐकू येणार नाही, हे कळलं होतं, आणि बाकीचा आवाजही आता हातचा जाणार, असं वाटत होतं.

पेटीच्या मागं माईकचा आवाज आत घ्यायला एक भोक आहे. तिथून आत आलेल्या आवाजाला उलटी चाळणी लावता येते, म्हणजे बोलण्यातलं खालचं सगळं अडवून फक्त वरचा भाग उरतो. आणि पेटीत अशी सोय आहे की त्या उरलेल्या आवाजानं जोर धरला की तिनं आपला एक सूर वाजवायचा. कुठला सूर, ते आपण ठरवायचं. मी फार दिवस त्या भोकाकडं दुर्लक्ष केलं होतं. एका दुपारी ते डोक्यात आलं आणि मी पार्टीचा माईक आणि छोटा मिक्सर घेऊन बसलो. सूर ठेवला साईन, अगदी खालचा, माझ्या कानात अजून जिवंत असलेल्या भागातला. चाळणी किती वर ठेवायची, ते मला स्वतःला ठरवता येईना. बायकोला माईकसमोर बसवलं. ती ‘स’ म्हणाली की पेटी वाजेपर्यंत आणि ‘म’ म्हणाली की गप्प राहीपर्यंत आम्ही नॉब फिरवत बसलो.

मग पोरीला बोलावलं. माईक दिसताच तिनं दोन्ही हात मागं नेले. मी म्हणालो, “एकदाच म्हण, बाळा. स.” माझ्या तोंडून तो शब्द निघाला आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, गेलं सगळं, परत तेच केलं आपण.

पोर माझ्याकडं बघत राहिली आणि एकदम तिचा बांध फुटला. “सारखं सारखं काय म्हनायला सांगता? म्हनतीय की मी! सगळे ‘स’ म्हनतीय!”

पेटी वाजली. डुम्. परत डुम्. तिच्या ‘स’च्या प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी, जिथं असायला हवा होता बरोबर तिथं, तो खालचा सूर वाजत गेला. एकही जागा चुकली नाही. तिनं एकही गाळला नव्हता, वर्षभरात कधीच गाळला नव्हता. मी तिच्यावर ओरडत होतो तेव्हाही ती तो नीटच म्हणत होती. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

पोर घाबरून पेटीकडं बघत होती. “ह्ये का वाजतंय, पप्पा?”

“तू ‘स’ म्हणालीस म्हणून. मला ऐकू येत न्हाय ना, म्हणून ती मला सांगती.”

तिनं आपल्या आईकडं पाहिलं. बायकोनं मान हलवली. पोरीनं माईकजवळ तोंड नेलं, हळूच म्हणाली, “स.” डुम्. तिचे डोळे मोठे झाले. मग माझा सदरा धरून तिनं विचारलं, “मग सशाची गोष्ट सांगू?”

मी हो म्हणालो. ती मांडी घालून बसली, घसा खाकरला, आजी करते तसा, आणि म्हणाली, “एक होता ससा.” पेटी दोनदा वाजली.